श्रीअन्न, भरडअन्न आणि आमचे ताट

2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. तो ठराव भारत सरकारने मांडला होता. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पाच्या भाषणात ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी या धान्यांना 'श्रीअन्न' असे नाव देण्यात आले. ज्या धान्याला आजवर 'भरड' म्हटले गेले, 'हलके' म्हटले गेले, जे बलुतेदाराच्या ओटीत टाकताना देणाऱ्याचा हात कधी अडला नाही, त्या धान्यापुढे एकाएकी 'श्री' लागली. धान्य तेच, शेतही बहुधा तेच. बदलले ते खाणाऱ्याचे घर. मराठीत विशेषणे कोणत्या क्षणी बदलतात याचा अभ्यास आपल्या समीक्षेने फारसा केलेला नाही. तो करावा लागेल, कारण सध्या 'शाश्वत आहार' नावाने मराठीत जे विपुल लेखन होत आहे (पुरवण्यांतून, दिवाळी अंकांतून, पाककृतींच्या पुस्तकांतून) ते सगळे या बदललेल्या विशेषणावर उभे आहे.

हे लेखन काय म्हणते? ते म्हणते, स्थानिक खा, ऋतूप्रमाणे खा, वाया घालवू नका, मांस कमी करा, पॉलिश केलेला तांदूळ सोडा, भाकरीकडे वळा. यातल्या एकाही सल्ल्याशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते या लेखनाने गृहीत धरलेल्या माणसाशी. हा माणूस 'ग्राहक' आहे. त्याच्यासमोर फळीवर वस्तू मांडलेल्या आहेत आणि तो विचारपूर्वक एक उचलतो. ग्राहकाला पृथ्वीची काळजी वाटते पण त्याचा हात मात्र जुन्या सवयीकडेच जातो, बोलणे आणि खरेदी यांत अंतर पडते, ही या क्षेत्रातल्या अभ्यासकांची नेहमीची तक्रार. मग ते उपाय सांगतात: माहिती वाढवा, चव सुधारा, किंमत कमी करा, वेष्टन आकर्षक करा. पण ज्याने आयुष्यात जेवण कधी निवडलेच नाही, जे पुढे आले ते खाल्ले, त्या माणसाचे या विवेचनात काय होते? तो ग्राहक नाही, म्हणून तो या लेखनात नाही. खाणारा असूनही नाही.

दलित साहित्यात मात्र तो आहे. किंबहुना दलित आत्मकथनांइतके अन्नाविषयी मराठीत दुसऱ्या कोणत्याही साहित्यप्रकाराने लिहिलेले नाही. समीक्षकांनी ती दारिद्र्याची, अत्याचाराची, विद्रोहाची पुस्तके म्हणून वाचली. ती आहाराची पुस्तके म्हणून वाचायची राहून गेली. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (1984) जनावरांच्या शेणात न पचता पडलेले ज्वारीचे दाणे वेचून, धुऊन, वाळवून त्यांची भाकरी करण्याचा प्रसंग आहे. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये भुकेपोटी निवडुंगाची बोंडे खाणारी आणि नंतर पोट जखडून तळमळणारी माणसे आहेत. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (1978) मेलेल्या जनावराभोवतीचे महारवाड्याचे सगळे अर्थशास्त्र आहे. आता हे प्रसंग आजच्या शब्दकोशात बसवून पाहा. काहीही वाया न घालवणे, रानातले अन्न, जनावराच्या प्रत्येक अवयवाचा उपयोग, उन्हात वाळवून साठवण, शून्य कचरा. शाश्वत आहाराची सगळी कलमे महारवाड्याने आणि मांगवाड्याने शतकानुशतके पाळली. कोणी पारितोषिक दिले नाही. उलट ती पाळली म्हणूनच त्यांना अस्पृश्य म्हटले गेले.

या ठिकाणी आपल्यातल्याच काही मित्रांशी माझा मतभेद आहे, तो लपवून ठेवण्यात अर्थ नाही. अलीकडे आपल्याकडच्या व्याख्यानांतून असा सूर ऐकू येतो की आमच्या पूर्वजांचा आहार मुळातच शास्त्रीय होता, पर्यावरणपूरक होता, जगाला आज कळते ते आम्हाला आधीच कळले होते. टाळ्या पडतात. पण ही भाषा मला धोक्याची वाटते. निवडुंगाचे बोंड हा आहारविचार नव्हता, ती उपासमार होती. शेणातल्या ज्वारीला संस्कृती म्हणणे म्हणजे लादणाऱ्याचा गुन्हा सोसणाऱ्याच्या शहाणपणात जमा करणे होय. परंपरेचा अभिमान बाळगण्याची ही रीत आपण ज्यांच्याकडून उसनी घेत आहोत, ते तिचा उपयोग कशासाठी करतात हे आपण पाहिलेले आहे.

मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी काय सांगितले होते ते आठवावे. मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, उष्ट्या तुकड्यांसाठी हात पसरणे सोडा. केवळ वाया-न-घालवण्याच्या हिशेबाने पाहिले तर मेलेल्या जनावराचे मांस खाण्याइतकी काटकसरीची रीत दुसरी नाही. जनावर आधीच मेलेले आहे, त्यासाठी वेगळा चारा नाही, वेगळी हत्या नाही, मागे उरत काही नाही. तरीही बाबासाहेबांनी ते सोडा म्हटले, आणि पोटाला चिमटा घेऊन गावोगावच्या माणसांनी ते सोडले. 'जिणं आमुचं'मध्ये या सोडण्याचा फार मोलाचा वृत्तांत आहे. आहाराची सवय माणसे कशी बदलतात असा प्रश्न विचारणाऱ्या विद्वानांनी हे उदाहरण अभ्यासाला घ्यावे. या बदलामागे वेष्टन नव्हते, सवलत नव्हती. पर्यायी अन्नही नव्हते. होता तो स्वाभिमान आणि सगळ्यांनी मिळून घेतलेला निर्णय. एकेकट्या ग्राहकाने दुकानात उभे राहून केलेली ती निवड नव्हती. ज्याला आजवर कोणी निवडू दिले नाही त्याने केलेला तो पहिला नकार होता. पृथ्वीच्या हिशेबात माणसाच्या मानाचा रकाना कुठे आहे, हा प्रश्न त्या नकारातून आजही शिल्लक राहतो.

या दृष्टीने शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (2015) या पुस्तकाकडे पाहणे अगत्याचे आहे. मराठी घराघरांत जेवणाआधी म्हटल्या जाणाऱ्या श्लोकातल्या एका शब्दाला पाटोळे यांनी फक्त 'अ' लावला. त्या एका अक्षरात पुस्तकाची सगळी समीक्षा सामावली आहे. मराठवाड्यातील महार-मांगांच्या स्वयंपाकाच्या कृती त्यांनी नोंदवल्या, आणि कृतीबरोबर तिच्यामागची जात नोंदवली. वजडी, मुंडी, रक्तापासून केलेले कालवण, वाळवलेल्या चान्या. तूप, दूध, सढळ तेल यांचा जवळजवळ अभाव. हा अभाव चवीचा नाही, मालकीचा आहे. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' 1970 साली आली आणि मराठी पाककृतींचे प्रमाण होऊन बसली. तिला 'ब्राह्मणी स्वयंपाक' असे नाव कोणी दिले नाही, ती फक्त 'मराठी स्वयंपाक' ठरली. पाटोळे यांचे पुस्तक मात्र 'दलित स्वयंपाक' म्हणूनच ओळखले जाणार. विशेषण पुन्हा आमच्याच वाट्याला.

2024 साली भूषण कोरगावकर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. नाव 'दलित किचन्स ऑफ मराठवाडा'. अनुवाद झाला हे चांगलेच झाले, पुस्तक देशभर पोचले. पण नावातला 'अपूर्ण' गळाला आणि 'किचन' आले. मराठी नाव भांडते, इंग्रजी नाव आमंत्रण देते. प्रकाशन व्यवहारात असे होतच असेल. तरी भांडणारे पुस्तक चाखण्याचे पुस्तक होण्यास किती थोडा वेळ लागतो, हे ध्यानात ठेवलेले बरे. उद्या एखाद्या मोठ्या हॉटेलात रक्ताचे कालवण चिनी मातीच्या वाडग्यात येईल आणि शेजारी दोन ओळींत इतिहास छापलेला असेल. ते खाणाऱ्याला पाप लागणार नाही. फक्त ते शिजवणाऱ्याला त्या इमारतीत भाड्याने खोली मिळेल का, एवढेच विचारायचे.

पाटोळे यांच्या पुस्तकाचा प्रदेश मराठवाडा आहे, आणि तो त्यांनी नीट राखला आहे. माझी खंत वेगळी आहे. मुंबईच्या चाळीतले आमचे स्वयंपाकघर अजून कोणी लिहिलेले नाही. नायगाव, डिलाईल रोड, वरळी, शिवडी येथील बी. डी. डी. चाळी, परळच्या पोयबावडीची बी. आय. टी. चाळ (जिथे बाबासाहेब स्वतः राहिले), इथल्या एका खोलीच्या संसारात गावाकडचा आहार शहराला कसा भिडला, हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. मी थोडे सांगतो, कारण मी तिथला आहे.

माझे आजोबा गिरणीत साच्यावर नव्हते, रिंगखात्यात होते. का, हे वाचकांना ठाऊक असेल. मागावर धागा तुटला की तो तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या थुंकीचा धागा सवर्ण कामगाराला चालत नसे. म्हणून पगार जास्त असलेले विणाई खाते आमच्या माणसांना बंद. 1928-29च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला होता, आणि कामगार पुढाऱ्यांना तो अडचणीचा वाटला होता. तोंडाचा विटाळ आधी गिरणीत आणि मग ताटात, असा हा हिशेब. गिरणगावातल्या खाणावळीही गावकीच्या आणि जातीच्या नात्याने चालत. त्या चालवणाऱ्या बायकांना सावकाराच्या हातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जे मिळवून दिली. मुंबईच्या कामगार चळवळीत अन्न शिजवणाऱ्या बाईला कामगार म्हणून पाहण्याचा तो मोठा प्रयत्न होता. मराठी आहारलेखनात त्याचा उल्लेख क्वचित सापडतो.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांना गिरणी पुन्हा दिसली नाही. आमच्या घरात त्या वर्षांविषयी बोलताना आजी भूक हा शब्द वापरत नसे. ती सांगे, "तवा सुकटीवर दिस काढले." सुकट, जवळा, बोंबील. लालबागच्या बाजारातून आणलेले पावशेर सुके आठवडाभर पुरवायचे. कांद्यात परतले की एका भाकरीला चिमूटभर बस. सुके बोंबील उन्हात वाळतात, त्यांना शीतगृह लागत नाही, वीज लागत नाही, पावसाळ्यात मासेमारी बंद असतानाही ते घरात असतात. कार्बनचा हिशेब करणाऱ्यांनी या चिमटीचा हिशेब करून पाहावा. आज त्याच लालबाग-परळमध्ये गिरण्यांच्या जागी मनोरे उभे आहेत. तिथल्या उपाहारगृहांत विमानाने आलेला मासा कच्चा खातात, आणि अनेक सोसायट्यांत सुके बोंबील भाजले म्हणून शेजारी तक्रार करतात. वास कशाला म्हणायचे आणि सुगंध कशाला, हे ठरवणारी सत्ता ज्याच्या हाती, त्याचा आहार शाश्वत.

ज्वारीची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. 1972च्या दुष्काळात परदेशातून आलेली तांबडी 'मिलो' ज्वारी ज्यांनी खाल्ली, कामावरची सुकडी ज्यांनी खाल्ली, त्यांच्या मनात गव्हाची चपाती हे सुखाचे चित्र होऊन बसले यात नवल नाही. माझ्या लहानपणी पाहुणा आला की चपाती आणि घरच्यांना भाकरी, असा नियम होता. मी पदवीधर झालो तेव्हापासून आईने मलाही चपातीच वाढायला सुरुवात केली. घरात पहिला पदवीधर मी, त्यामुळे मीही पाहुणाच! आता डॉक्टर सांगतात भाकरी खा. खावीशी वाटली तर दादरच्या दुकानात मालदांडी ज्वारी गव्हाहून महाग आहे. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्यात माणशी महिना 5 किलो धान्य ठरले. तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये आणि भरडधान्य 1 रुपया किलो. 2023 पासून तर हे धान्य फुकट आहे. पण मुंबईच्या शिधावाटप दुकानात वर्षानुवर्षे पिशवीत पडले ते प्रामुख्याने तांदूळ आणि गहू. म्हणजे ज्यांची ज्वारी, त्यांना शिध्यात गहू मिळाला, आणि ज्यांचा गहू, त्यांना मॉलमध्ये ज्वारीची बिस्किटे. या उलाढालीत 'ग्राहकाची मानसिकता' किती आणि धान्यखरेदीचे धोरण किती, हे एखाद्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने एकदा स्पष्ट करून सांगावे.

उपाहारगृहांचा विषय निघालाच म्हणून एक विषयांतर. गिरगाव-दादरच्या जुन्या मराठी उपाहारगृहांतून 'आपले पारंपरिक' म्हणून जे पदार्थ मिळतात त्यांत साबुदाण्याच्या खिचडीचा मान मोठा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आणि आपल्याकडचा बहुतेक साबुदाणा तामिळनाडूतल्या सेलमच्या बाजूच्या कारखान्यांत तयार होतो. तरी तो सात्त्विक, तो उपवासाचा, तो आपला. शेजारच्या कोळीवाड्यात वाळवलेला बोंबील मात्र परका. स्थानिक या शब्दाला भूगोलापेक्षा जात अधिक कळते!

आता मांसाचा प्रश्न. तो टाळून चालणार नाही, कारण शाश्वत आहाराचा सगळा जोर तिथेच आहे. जगातल्या हरितवायूंपैकी सुमारे साडेचौदा टक्के पशुपालनातून येतात, असा जागतिक अन्न व कृषी संघटनेचा 2013चा अंदाज आहे. त्यात रवंथ करणाऱ्या जनावरांचा वाटा मोठा. हे विज्ञान आहे, आणि विज्ञानाशी आपण भांडत नाही. पण हे विज्ञान आपल्याकडे आले की त्याचे सोवळे होते. 2019च्या पशुगणनेप्रमाणे देशात सुमारे 19 कोटी गाई-बैल आणि सुमारे 11 कोटी म्हशी आहेत. भारत जगातला सर्वांत मोठा दूधउत्पादक देश आहे. म्हणजे आपल्याकडचे रवंथ करणारे जनावर प्रामुख्याने दुधासाठी आणि पूर्वीपासून शेतीकामासाठी पाळलेले आहे. मिथेन सोडताना ते जनावर, आपले दूध श्रीखंडात जाणार आहे की आपले मांस कालवणात, याचा विचार करीत नाही. तरीही 'मांस कमी करा' असे सांगणाऱ्या मराठी लेखांत 'तूप कमी करा, पनीर कमी करा' असे वाक्य मला शोधूनही फारसे सापडले नाही. जेथे प्रश्न आपल्या ताटापर्यंत येतो तेथे तो थांबवला जातो.

गाईची कत्तल महाराष्ट्रात 1976च्या कायद्याने बंद होतीच. 1995 साली मंजूर झालेल्या दुरुस्तीला 2015 मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल-वळूंचीही कत्तल बंद झाली. 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, परराज्यातून आणलेले मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम मात्र रद्द केले. गरिबाचे स्वस्त मांस गेले ते पर्यावरणासाठी नव्हे. पण पर्यावरणाची भाषा आज त्या निर्णयाच्या मदतीला धावून येते, आणि ती बोलणाऱ्यांतले कित्येक जण स्वतःला पुरोगामी समजतात. अंड्याचेही तेच. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्याने शाळेतल्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरवले, न खाणाऱ्याला केळे. जानेवारी 2025 मध्ये अंड्यासाठीचा सरकारी निधी बंद झाला. हवे असेल तर शाळांनी लोकवर्गणी काढावी असे सांगण्यात आले. एका अंड्याने पृथ्वी किती तापते हे मला माहीत नाही. महापालिकेच्या शाळेत शिकलेल्या माणसाला त्या अंड्याची किंमत मात्र नक्की माहीत असते.

आणि आता माझे स्वतःचे. मी ज्या महाविद्यालयात शिकवतो तिथे दोन वर्षांपूर्वी 'शाश्वत आहार सप्ताह' साजरा झाला. विद्यार्थ्यांनी घरचे पदार्थ मांडायचे, पर्यावरणाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व सांगायचे. तृतीय वर्षाची माझी एक विद्यार्थिनी, नायगावच्या चाळीतली, तिने यादी दिली: ज्वारीची भाकरी, उडदाचे घुटे, सुकटीची चटणी. शेजारी एक तक्ता, त्यावर सुकट कशी वाळते, किती दिवस टिकते, वीज किती लागते, असे सगळे नीट मांडलेले. समितीच्या बैठकीत सुकटीवर लाल रेघ मारण्यात आली. कारण 'वास'. कोणी जातीचे नाव घेतले नाही. जातीचे नाव आता कोणी घेत नाही. समितीत सहा माणसे होती, त्यांतला एक मी. मी गप्प राहिलो आणि खाली सही केली. त्या वेळी माझी नोकरी कायम व्हायची होती, हे मी इथे कारण म्हणून लिहीत नाही, घडले ते लिहितो.

मुलीने भाकरी आणि घुटे मांडले. तिला दुसरे बक्षीस मिळाले. परीक्षक बाईंनी भाकरीचे फार कौतुक केले, आजीला नमस्कार सांगा म्हणाल्या. नंतर मुलगी माझ्याकडे आली. "सर, सुकट शाश्वत नाही का?" तिने विचारले. रागाने नाही, परीक्षेत येणारा प्रश्न विचारावा तसे. मी काहीतरी उत्तर दिले. काय दिले ते आठवत नाही, म्हणजे ते उत्तर नव्हतेच.

दलित लेखकाने निर्भय असावे, असे मी वर्गात शिकवतो. आत्मकथनांची पिढी गावाच्या वेशीवर उभी राहून बोलली. आम्ही स्टाफरूममध्ये बसलो आहोत, आमच्या डब्यात बहुतेक वेळा बटाट्याची भाजी असते, आणि ती का असते याचा विचार आम्ही करीत नाही. माझ्या डब्याविषयी बोलायचे तर गेल्या नऊ वर्षांत मी एकदाही बोंबील नेलेला नाही. बायको विचारते, "देऊ का?" मी म्हणतो, "नको, वास येतो." हा शब्द माझ्या तोंडी कुठून आला ते आता मला कळले आहे.

ती मुलगी सध्या पदव्युत्तर वर्गात आहे. चाळीची पुनर्बांधणी चालू आहे, जुनी घरे रिकामी होत आहेत. जाण्याआधी तिने आपल्या इमारतीतल्या म्हाताऱ्यांकडे बसून त्यांची स्वयंपाकघरे लिहून काढायला घेतली आहेत. कोणत्या गावाहून आलात, चूल कुठे होती, स्टो कधी आला, संपात काय खाल्ले, मेलेले सोडले ते कोणी आणि कोणत्या साली. वही मी पाहिली. पहिल्या पानावर साताऱ्याकडच्या एका आजीची नोंद आहे. चान्या कशा करायच्या ते तिने सगळे सांगितले. मांसाच्या लांब पट्ट्या कशा कापायच्या, दोरीवर कशा टाकायच्या, कावळ्यांवर कोणी लक्ष ठेवायचे. आणि शेवटी म्हणाली, "पर ह्ये तू करू नगंस. आमी आन घेतली हाय." मुलीने ती नोंद पूर्ण कृतीसह ठेवली आहे, आणि आणही ठेवली आहे. दोन्ही छापायचे की नाही, असे तिने मला विचारले आहे. या वेळी मी तिला लेखी उत्तर देणार आहे.